तिचं सगळं कळतं, बोलणं मात्र होत नाही

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे, सांगलीत राहते, बँकेत नोकरी करते. कोल्हापूरला विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत होतो. त्यातली एक माझी फार जवळची. लग्नानंतर ती कॅनडात, टोरांटोला गेली. इतकी वर्षं व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरून आम्हाला एकमेकींचं सगळं कळत आलं. तिच्याकडचा पहिला बर्फ, मुलाची आइस हॉकीची मॅच, दिवाळीच्या चकल्या. मीही रोज सकाळी कामावर निघायच्या आधी काहीतरी टाकते. तासाभरात पाहणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव येतं, पण तिच्याकडून एक अक्षर येत नाही. साधा अंगठासुद्धा नाही. माझ्या वाढदिवसाला बाकी दोघींनी माझा फोटो लावून स्टेटस ठेवलं, हिनं नाही. मागच्या श्रावणात तिचे वडील गेले, तेव्हा मी तिचं स्टेटस बघितल्या बघितल्या ‘ॐ शांती’ पाठवलं होतं. काका वसतिगृहावर यायचे तेव्हा माझ्यासाठीही भाकरी आणि खर्डा बांधून आणायचे, त्यामुळे मलाही फार वाईट वाटलं होतं. गेल्या महिन्यात मात्र राहवलं नाही आणि मी ‘गरज सरो, वैद्य मरो’ असं स्टेटस टाकलं. तेही तिनं पाहिलं आणि गप्प राहिली. उलट माझ्या नणंदेनं फोन करून विचारलं, हे मला उद्देशून आहे का म्हणून. आता तिचं स्टेटस म्यूट करू की माझंच टाकणं बंद करू? मैत्री संपली असं समजायचं का?

– एक वाचक, सांगली

प्रिय मैत्रीण,

वाढदिवस, अंगठा, यादीतलं नाव या सगळ्यावर मी येतेच. पण तुमचं पत्र वाचताना मी ज्या वाक्यापाशी अडले, त्यावर आधी बोलू. तुम्ही ते वाक्य लिहून लगेच पुढे गेलात, म्हणून मला ते जास्तच खुपलं. तिचे वडील गेले आणि तुम्ही ‘ॐ शांती’ पाठवलंत.

टोरांटोहून निघून आपल्या गावी पोहोचायला विमानं बदलत एक पूर्ण दिवस सहज जातो. त्यात तिकीट मिळायला हवं, मुलाला कोणाकडे तरी ठेवायला हवं, कामावरून सुट्टी मिळायला हवी. तिला वडिलांचं शेवटचं दर्शन झालं का? ती दहाव्याला तरी पोहोचली का? की तिथल्या घरात बसून तिनं सगळं मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं? तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. मला वाटतं, ते तुम्हालाही माहीत नसावं. स्टेटसवर आलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, आणि असल्या गोष्टी कोणी स्टेटसवर टाकत नाही.

त्या दिवशी तिला हात जोडलेली चिन्हं किती आली असतील याची कल्पना करा. ऑफिसातले लोक, नवऱ्याचे मित्र, तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखी, शाळेच्या ग्रुपमधली वीस वर्षांत न भेटलेली माणसं. त्या सगळ्यांमध्ये काकांच्या हातची भाकरी खाल्लेल्या बाया फार तर तिघी. त्यातल्या एकीचा निरोपही बाकीच्यांसारखाच दोन शब्दांचा होता. तुमच्या जवळचं कधी कोणी गेलं असेल तर आठवून बघा, तेव्हा कोणाच्या फोनची वाट पाहत होतात. शंभर जणांची नसते. दोन-तीन जणांचीच असते.

तुम्ही कोरड्या मनाच्या आहात असं मी मुळीच म्हणत नाही. कोरड्या असतात तर इतक्या वर्षांनंतर खर्डा आठवला नसता. झालं असं की बातमी जिथं दिसली तिथंच खाली उत्तर द्यायची जागा होती. दोन शब्द लिहिले, गेले, आणि मनाला वाटलं की आपण आपलं कर्तव्य केलं. हीच बातमी बाकीच्या दोघींपैकी कोणी फोन करून दिली असती, तर तुम्ही नक्की तिला फोन लावला असता.

स्टेटसबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. त्यानं माणसं एकमेकांपासून तुटतात असं मला वाटत नाही. मैत्रिणीच्या स्वयंपाकघराचा ओटा, तिच्या खिडकीतला पाऊस, तिच्या लेकाचा पडलेला दात हे रोज दिसणं ही मोठीच गोष्ट आहे, आपल्या आजीला ती कधी मिळाली नाही. अडचण एवढीच की माहीत असतं म्हणून विचारायचं राहून जातं. मुलाची परीक्षा झाली हे कळलेलं असतं, मग ‘परीक्षा कशी गेली?’ कोण विचारणार? नवं घर पाहिलेलं असतं, मग ‘घर कसं आहे?’ कशाला विचारायचं? असे एकेक प्रश्न गळत जातात. शेवटी तिच्या आयुष्यातला प्रत्येक प्रसंग आपल्याला ठाऊक असतो आणि त्यातल्या एकाही प्रसंगाबद्दल तिला काय वाटलं हे ठाऊक नसतं. तुमचं आणि तिचं नेमकं हेच झालंय.

थोडक्यात खुशाली कळवायची रीत काही नवी नाही. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ मध्ये, किंमत पाव आणा. त्यावरही चार ओळींपलीकडे फारसं काही मावायचं नाही, आणि पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही ते वाचू शकायचं. पण त्या कार्डावर एका माणसाचं नाव आणि पत्ता असायचा, आणि शेवटी ‘तिकडील खुशाली कळवावी’ ही ओळ हमखास यायची. ज्याला कार्ड आलं त्याच्यावर उत्तराची जबाबदारी पडायची. स्टेटस मात्र कोणा एकाच्या नावानं येत नाही आणि उलट काही विचारतही नाही. म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की आपण पाहिलं, झालं. आणि टाकणारीला वाटतं, मी सांगितलं, आता यांनी बोलावं.

गंमत अशी की व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातच स्टेटसपासून झाली. २००९ मध्ये जॅन कूम यांनी ते बनवायला घेतलं तेव्हा मेसेज पाठवायची सोय त्यात नव्हतीच. फोनमधल्या नावापुढे तो माणूस आत्ता कामात आहे, व्यायामशाळेत आहे की त्याच्या फोनची बॅटरी संपत आलीय एवढं दिसावं, म्हणजे फोन करणाऱ्याला अंदाज येईल, इतकाच विचार होता. पुढे स्टेटस बदललं की ओळखीच्यांच्या फोनवर सूचना जाऊ लागली. मग मित्रांनी काय केलं? एकानं स्टेटस बदललं की दुसरा आपलं स्टेटस बदलून त्याला उत्तर देऊ लागला. ते पाहून मग मेसेजची सोय आली. म्हणजे अगदी पहिल्या लोकांनाही नुसतं कळून पुरलं नाही, त्यांना उत्तर द्यायचं होतं. आज आपण वापरतो ते चोवीस तासांत नाहीसं होणारं फोटो-व्हिडिओचं स्टेटस फेब्रुवारी २०१७ मध्ये आलं.

आता त्या यादीबद्दल. पाहणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव येतं याचा तुम्ही फार मोठा अर्थ लावला आहे. स्टेटस एकामागून एक आपोआप सुरू होत जातात. पहिलं उघडलं की पुढचं, त्यानंतर त्यापुढचं, बोट लावायचीसुद्धा गरज नसते. तुम्ही सकाळी आठला कामावर निघताना फोटो टाकता तेव्हा तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. ओटा आवरून, दुसऱ्या दिवसाचा डबा डोक्यात घेऊन ती आडवी पडली असेल, आणि तुमचा फोटो तिच्या झोपाळलेल्या डोळ्यांपुढून चार सेकंदांत गेला असेल. यादी तुम्हाला एवढंच सांगते की फोटो तिच्या फोनवर उघडला. ती काय म्हणाली, तिला काय वाटलं, तिनं मुद्दाम टाळलं का, हे यादीला माहीत नाही. आणि उद्या तिचं नाव यादीतून गेलं तरी घाबरू नका. तिनं ‘वाचल्याची खूण’ बंद केली किंवा नवा फोन घेताना तुमचा नंबर तिच्याकडून राहून गेला, तरी नाव दिसायचं बंद होतं. माझं ऐकाल तर महिनाभर ती यादी उघडूच नका.

अंगठ्याचंही तसंच. कार्नेगी मेलन विद्यापीठातले रॉबर्ट क्राउट आणि फेसबुकमध्ये संशोधन करणाऱ्या मॉइरा बर्क यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जवळच्या माणसानं आपल्याला उद्देशून, स्वतः शब्द जुळवून काही लिहिलं, तर माणसाला पुढच्या काळात बरं वाटतं असं त्यांना दिसलं. सगळ्यांसाठी टाकलेल्या पोस्टी नुसत्या पाहून किंवा कोणी एका टिचकीत दिलेली पसंती मिळून तसं दिसलं नाही. तेव्हा तिनं रोज अंगठा दिला असता तरी तुमची भूक तेवढीच राहिली असती.

वाढदिवसाच्या स्टेटसवरून मनात धरू नका. फोटो जोडून, त्यावर केक चिकटवून स्टेटस ठेवायची पद्धत आपल्याकडे इतकी बोकाळली आहे की ते ठेवणं म्हणजे प्रेम आणि न ठेवणं म्हणजे अपमान असं समीकरण झालंय. ज्या बाईचं त्या वर्षी वडिलांचं छत्र गेलं, तिला केकचं चित्र शोधायचं सुचलं नसेल. मला यात नवल वाटत नाही.

‘गरज सरो, वैद्य मरो’बद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. एका माणसावरचा राग सगळ्या ओळखीपाळखीसमोर मांडायची ही सवय फार वाईट. ज्याला लागावं त्याला लागतं की नाही कोण जाणे, बाकी दहा जणांना मात्र हमखास लागतं. तुमच्या नणंदेला लागलं. तिनं निदान विचारलं. न विचारता मनात ठेवून बसलेल्या आणखी दोघी-तिघी असतील. आणि ते जर तुमच्या मैत्रिणीला कळलं असेल, तर तिनं काय वाचलं असेल? वडील गेल्यावर जिनं दोन शब्द पाठवले, तीच आता म्हणते की तुझी गरज सरली. तिची कोणती गरज तुम्ही भागवली होती, असं तिच्या मनात आलं नसेल का? हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तुम्ही सल्ला मागितलाय. नणंदेला आजच सांगून टाका की ते तिला उद्देशून नव्हतं. आणि यापुढे टोमणा सुचला की तो स्टेटसमध्ये टाइप करायच्या आधी फोन हातातून खाली ठेवा.

तिचं गप्प राहणं नेमकं कशामुळे आहे, हे मी सांगू शकत नाही. कदाचित तिला तुमच्या फोनची खरंच वाट होती आणि तो न आल्यानं ती आत मिटली. कदाचित ती सगळ्यांशीच अशी गप्प आहे आणि तुम्हाला फक्त तुमच्यापुरतं दिसतंय. हे तिलाच विचारायला हवं. म्हणून म्यूट करू नका. केलंत तर तिला कळणारही नाही आणि तुम्हाला तिचं दिसणारही नाही. त्यात कोणाचं भलं आहे?

तुम्ही तिला लिहा. स्टेटसला उत्तर म्हणून नको, वेगळा, तिच्या एकटीसाठी. फार लांब नको. साधारण असं :

‘काकांना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हा मी दोन शब्द पाठवून गप्प बसले. तुला फोन करायला हवा होता. परवा खर्डा करताना काका आठवले, वसतिगृहाच्या दारात फडकं सोडून मला हाक मारायचे ते. तेव्हा तुला यायला मिळालं होतं का? तू कशी आहेस?’

शब्द तुमचे घाला. काकांची आठवणही तुमची घाला, शक्यतो तिला माहीत नसलेली. माणूस गेला की त्याच्या मुलांकडच्या आठवणी तेवढ्याच राहतात, नव्यानं भर पडत नाही. बाहेरच्या कोणी एखादी सांगितली की वडील थोडे आणखी मिळाल्यासारखे वाटतात. शेवटी ‘तूही काही बोलली नाहीस’ हे वाक्य चुकूनही जोडू नका. वाढदिवसाचा विषय नको. ‘असो’ नको. त्या ‘असो’त फार राग मावतो. आणि टोमण्याचं स्टेटस तिच्यासाठीच होतं हे कबूल करायचं असेल तर पुढे कधीतरी, बोलणं सुरू झाल्यावर करा. हा मेसेज काकांसाठी राहू दे.

इतक्या महिन्यांनी हे लिहिणं विचित्र दिसेल, असं तुम्हाला वाटेल. तसं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच तपासलं. बरेच दिवस संपर्क नसलेल्या माणसाला चार ओळी पाठवल्या तर त्याला किती बरं वाटेल, याचा पाठवणाऱ्यांचा अंदाज सतत कमी निघाला. आणि निरोप जितका अनपेक्षित, तितका तो जास्त गोड लागला. तरीही बोट पुढे जात नाही. लारा अ‍ॅक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात लोकांना जुन्या मित्राशी बोलायचं होतं, त्याला आवडेल याची खात्री होती, नंबर हाताशी होता, लिहायला वेळही दिला होता. तरी एक तृतीयांशाहून कमी जणांनी तो मेसेज खरोखर पाठवला. त्यांनी एक उपाय मात्र शोधला, तो तुम्हाला सांगते. आधी काही मिनिटं रोजच्या बोलण्यातल्या माणसांना मेसेज पाठवले की जुन्या मित्राला पाठवणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढतं. तेव्हा आधी बाकी दोघींना लिहा. बहिणीला लिहा. हात बोलता झाला की तिच्याकडे वळा.

ती लगेच उत्तर देईल असं धरून चालू नका. कदाचित दोन दिवस काहीच येणार नाही, कदाचित नुसतं ‘हो गं’ येईल. ‘हो गं’ आलं तरी पुष्कळ झालं, त्यावर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. आठवड्यानं पुन्हा काही साधं विचारा. लिहिण्यापेक्षा आवाज पाठवलात तर उत्तम, मागे कुकरची शिट्टी आली तरी चालेल. तुमच्या गल्लीतला, घरातला आवाज तिला तिथं ऐकायला मिळत नाही.

स्टेटसही चालू ठेवा. फक्त त्याचा उपयोग बदला. तिचं काही दिसलं की दिसलेल्या गोष्टीच्या पुढचं विचारा. मुलाची मॅच दिसली तर ‘छान’ लिहू नका. तो हरल्यावर रडतो का अजून, असं विचारा. बर्फ दिसला तर सकाळी गाडी कोण साफ करतं, तू का नवरा, असं विचारा. रोज नको, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तेव्हाच. आणि तुमच्या बाजूनं एक करा. स्टेटसच्या गोपनीयतेत निवडक लोकांनाच दाखवायची सोय असते. एखाद्या दिवशी त्यात फक्त त्या तिघींची नावं ठेवा. मग सुविचार टाकायची गरजच पडणार नाही. नणंद, शाखाधिकारी, सोसायटीचे सेक्रेटरी बघणार नाहीत म्हटल्यावर करपलेली भाकरी, रंकाळ्यावर अचानक भेटलेली तुमची मेसवाली बाई, कंबर धरली म्हणून शेकत बसलेल्या तुम्ही, असलं काहीही टाकता येईल. जवळच्यांना तेच हवं असतं. सगळ्यांना दाखवण्याजोगं आयुष्य त्यांनी पाहिलेलंच असतं.

बाकी दोघींकडेही एक काम सोपवा. काका गेले तेव्हा त्यांनी काय केलं होतं ते विचारा. कदाचित त्यांनीही हातच जोडले असतील. तसं असेल तर तिघींनी मिळून काकांबद्दलची एकेक आठवण लिहून तिला पाठवायला हरकत नाही, पण प्रत्येकीनं आपापल्या नावानं, वेगवेगळी. चौघींच्या ग्रुपवर नको. ग्रुपवर आलं की तिला तिघींना मिळून एक ‘थँक्यू’ लिहावं लागेल आणि बोलणं तिथंच संपेल.

आता आषाढ चालू आहे. श्रावणात काकांचं वर्षश्राद्ध येईल. गावी घरचे लोक ते करतील, घरात नातेवाईक असतील, पंगत बसेल. ती मात्र त्या दिवशी टोरांटोत नेहमीसारखी कामाला जाईल आणि तिच्या आसपासच्या कोणालाही त्या दिवसाचं महत्त्व ठाऊक नसेल. तिथी कोणत्या तारखेला येते ते कालनिर्णयमध्ये पाहून ठेवा. त्या दिवशी तिला फोन करा. सध्या त्यांच्याकडे उन्हाळ्याची वेळ चालू आहे, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. ती जेवणं आटोपून जरा बसली असेल. व्हिडिओ कॉल नको, साधाच करा, म्हणजे तिला डोळे पुसायला संकोच वाटणार नाही. तिनं उचलला नाही तर आवाजाचा निरोप ठेवा आणि बँकेत जा. आणि तिनं उचलला, तर त्या दिवशी उशीर होईल असं शाखेत आधीच सांगून ठेवा.